कागोशिमाचे पहिले दिवस
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



आजच्या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, तेव्हां आपल्याच धर्मग्रामाचा इतिहास सांगावा असें प्रथम मनांत आलें. परंतु तो येथील वृद्ध मंडळी आम्हांपेक्षां अधिक जाणतात. म्हणून आपल्या परिचयाच्या एका संताचे अपरिचित दिवस आपणांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. सांत फ्रान्सिस झेवियर यांचें नांव घेतलें कीं गोव्यांतील बॉम जेझुसचें मंदिर, ती चांदीची पेटी आणि यात्रेकरूंची दाटी डोळ्यांपुढें उभी राहते. आपल्या वसईसही ते येऊन गेले होते. पण परक्या गांवीं मुका होऊन बसलेला झेवियर आपण क्वचितच पाहतों.

अंजिरो नांवाचा कागोशिमाचा एक जपानी गृहस्थ, हातून खून घडल्यामुळें देश सोडून पळाला होता. मलाक्कास त्याची फादर झेवियर यांशीं गांठ पडली. १५४८ च्या पेंतेकोस्त सणास गोव्यांत त्याचा स्नानसंस्कार झाला व 'पॉल' हें नांव त्यास मिळालें. त्यालाच वाटाड्या करून १५४९ च्या एप्रिलांत फादर गोव्याहून निघाले. बरोबर फादर कोस्मे द तोरेस, ब्रदर हुआन फर्नांदिस, आणखी दोघे जपानी, मॅन्युएल नांवाचा एक चिनी ख्रिस्ती आणि मलबारचा सेवक अमादोर. या अमादोराविषयीं इतिहास फारसें बोलत नाहीं. सेवकांच्या वांट्यास बहुधा हेंच येतें.

मलाक्काहून पुढें त्यांस एक चिनी जहाज मिळालें. जहाजावर मूर्ति होती; पुढें जावें कीं नाहीं हें नावाडी तिला कौल लावून ठरवीत. वाटेंत मॅन्युएल जहाजाच्या तळांत पडून जबर जखमी झाला, पण वांचला. त्याच वादळांत कप्तानाची मुलगी समुद्रांत पडून बुडाली. पुन्हा कौल लावला, तों उत्तर निघालें कीं मॅन्युएल मेला असता तर मुलगी वांचली असती! त्या रात्रीं आपल्या मंडळींचे प्राण कसे टांगणीस लागले असतील, याची कल्पनाच करावी. अखेर १५ ऑगस्ट १५४९ रोजीं, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणास, ते कागोशिमास उतरले.

पहिला अनुभव गोड होता. पॉलच्या आप्तांनीं सर्वांचें प्रेमानें स्वागत केलें. पुढें त्याची आई, पत्नी व मुलगी ख्रिस्ती झालीं. येथील लोक दरिद्री असूनहि दारिद्र्याची लाज बाळगीत नाहींत, पण मानाची चाड फार, हें फादरांच्या तेव्हांच ध्यानांत आलें. जेवण म्हणजे भात, भाजीपाला आणि क्वचित् मासळी. पॉल तेथील अधिपतीस भेटावयास गेला, तेव्हां त्यानें देवमातेचें चित्र बरोबर नेलें. अधिपतीनें त्यापुढें गुडघे टेकले. त्याच्या आईनें तसेंच चित्र आपणांसहि काढून हवें म्हणून निरोप पाठविला. पण त्यास लागणारें साहित्य त्या गांवीं मिळेना.

आणि भाषा! लोक भोंवतीं जमत, आपसांत यांच्याविषयीं बोलत, आणि हे पुतळ्यांसारखे निमूट बसत, असें फादरांनीं स्वतःच ५ नोव्हेंबरच्या पत्रांत कळविलें आहे. चाळिशी ओलांडलेला, पॅरिसच्या विद्यापीठांत शिकविलेला पंडित लहान मुलाप्रमाणें शब्द घोकूं लागला. पॉलनें केलेलें धर्मशिक्षणाचें भाषांतर रोमन अक्षरांत उतरवून घेऊन ते मठाच्या पायऱ्यांवर वाचीत. उच्चार ऐकून कित्येक हंसत. त्याच मठाचे ऐंशी वर्षांचे महंत निंजित्सु मात्र त्यांचे स्नेही झाले. आत्मा अमर आहे काय, या प्रश्नास ते कधीं होय म्हणत, कधीं नाहीं.

खरी कसोटी एका शब्दाची होती. परमेश्वरास जपानी भाषेंत काय म्हणावें? पॉलनें 'दाइनिचि' हा शब्द सुचविला, आणि फादर दोन वर्षें त्याच नांवानें उपदेश करीत राहिले. १५५१ मध्यें यामागुचीस कळून आलें कीं शिंगोन पंथाचे भिक्षु ज्या बुद्धास पूजितात त्याचेंच हें नांव! तत्काळ ब्रदर फर्नांदिसला रस्त्यांत पाठवून दाइनिचीची प्रार्थना करूं नका असें त्यांनीं पुकारविलें, आणि लॅटिन 'देउस' हाच शब्द पुढें चालविला. काल शिकविलें तें चुकलें, असें भर चौकांत सांगावयास लागणारें धैर्य समुद्र ओलांडण्याच्या धैर्याहून कमी नव्हे असें आम्हांस वाटतें. पॉलला दोष देणें आम्हांस रुचत नाहीं; तो शास्त्री नव्हता, त्यास जवळचा वाटला तो शब्द त्यानें दिला. आपल्या मराठींत हा शब्दांचा शोध फादर स्टीफन्स यांनीं घेतला. ते १५७९ मध्यें गोव्यास आले, आणि त्यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं छापलें गेलें. म्हणजे मध्यें सदतीस वर्षें गेलीं.

कागोशिमांत वर्षभरांत सुमारें शंभर माणसें ख्रिस्ती झालीं. मग अधिपतीची मर्जी फिरली व धर्मांतरास बंदी झाली. तेथील मंडळी पॉलच्या हवालीं करून १५५० मध्यें फादर निघाले. वाटेंत इचिकु नांवाच्या गढींत त्यांनीं कांहीं जणांस स्नानसंस्कार दिला, आणि एका वृद्ध कारभाऱ्याच्या हातीं प्रार्थनांचें लहानसें पुस्तक ठेवलें. पुढें दहाबारा वर्षांनीं ब्रदर लुईस द आल्मेयदा तेथें पोहोंचले. एवढ्या काळांत त्या गढींत कोणी धर्मगुरु फिरकला नव्हता. तरी तेथील ख्रिस्ती मंडळी प्रार्थना म्हणत होती, आणि तें पुस्तकहि त्यांनीं जपून ठेविलें होतें.