गाडीवरचे बारीक ओरखडे आणि आपला हात



आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. गाडीच्या रंगावरचे बारीक ओरखडे हाताने पॉलिश करून कसे घालवायचे, हे सांगणार आहे. बायकांच्या कार्यक्रमात गाडी कुठून आली, असं वाटेल. पण गणपतीत आणि मे महिन्यात आपल्या वाडीत चाकरमान्यांच्या किती गाड्या उभ्या असतात ते आठवा. आणि त्या पुसतं कोण? बऱ्याच घरांत आपणच.

माझीच गोष्ट सांगते. मोठे दीर नवी काळी गाडी घेऊन गणपतीला आले होते. घरी पोचेपर्यंत गाडीवर चिखलाचे शिंतोडे उडून वाळले होते, सगळी गाडी लाल. आरतीला पाहुणे येणार म्हणून मी पहाटे उठले, जुन्या सुती साडीचं फडकं घेतलं आणि गाडी कोरडीच पुसून काढली. चांगली दाबून. सावलीत ती चकचकीत दिसत होती. दहा वाजता ऊन पडलं आणि बॉनेटभर कोळ्याचं जाळं विणावं तसे गोल गोल ओरखडे चमकायला लागले. भाऊजी काही बोलले नाहीत. जाऊबाई एवढंच म्हणाल्या, "हप्ते अजून फिटायचेत हो." दोन दिवस मला मोदक गोड लागले नाहीत.

मग तालुक्याला डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या एका काकांकडे गेलो. त्यांनी मला आधी गाडीचा रंग म्हणजे काय ते समजावलं. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. आताच्या बहुतेक गाड्यांवर हा थर 40-50 मायक्रॉनच्या आसपास असतो. एक मिलिमीटर म्हणजे 1000 मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसापेक्षाही बहुधा पातळच. मी फडक्याने माती फिरवली तेव्हा मातीतल्या बारीक खड्यांनी या थरावर चरे पाडले. मूळ रंगाला काही झालं नव्हतं.

आता पॉलिशने चरा जातो कसा? सारवताना आपण खड्डा भरतो. इथे उलट आहे. खड्डा भरायचा नाही, भोवतालची जमीन घासून त्याच्या तळापर्यंत खाली आणायची. म्हणजे दर वेळी थोडा थर जातो, आणि गेलेला परत येत नाही. म्हणून हे काम सणासुदीला समई घासतो तसं दर सणाला करायचं नाही.

पहिली परीक्षा नखाची. चऱ्यावरून नख आडवं हळूच फिरवा. नख न अडकता सरकलं तर चरा हाताने जाईल किंवा पुष्कळ फिका होईल. नख अडकलं तर चरा खोल आहे, तिथे घासत बसू नका. चऱ्यात पांढरं-राखाडी किंवा पत्रा दिसत असेल तर ते पेंटरचं काम, आणि लवकर करायला हवं. आपल्या खाऱ्या दमट हवेत उघडा पत्रा गंजायला वेळ लागत नाही.

कामाला बसण्याआधी बांगड्या, अंगठी काढा, चाव्यांचा जुडगा कमरेला नको, पदर खोचून घ्या. गाडी सावलीत आणि पत्रा हाताला गार हवा, कारण तापलेल्या पत्र्यावर पॉलिश लगेच सुकतं. आधी नुसत्या पाण्याची धार सोडून माती वाहू द्या. मग दोन बादल्या घ्या, एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. फडकं प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचं. कपड्याची पावडर आणि भांड्याची घासणी गाडीजवळ आणूसुद्धा नका. गाडी कोरडी झाली की बंपरच्या, दरवाजाच्या काळ्या प्लास्टिकवर कागदी चिकटपट्टी लावा. त्यावर पॉलिश लागलं तर पांढरे डाग पडतात आणि ते काढता काढता जीव जातो.

दुकानात रबिंग कंपाऊंड मिळतं, ते खरखरीत. पॉलिश त्याहून बारीक. सुरुवात नेहमी बारकापासून, आणि आधी एका कोपऱ्यात हातभर जागेवर करून पाहायचं. मऊ स्पंजवर वाटाण्याएवढं पॉलिश घ्या. बोटाच्या टोकांनी नाही, सगळ्या बोटांनी सारखा दाब द्या, आणि सरळ रेषेत पुढे-मागे, मग आडवं. पॉलिश पातळ होऊन दिसेनासं व्हायला लागलं की मायक्रोफायबरच्या स्वच्छ फडक्याने पुसा आणि मोबाईलची बॅटरी तिरकी धरून बघा. चरे दिसले तर पुन्हा एकदा. दोनदा करूनही फरक नाही, तरच तेवढ्या जागी कंपाऊंड, आणि त्यावर परत पॉलिश. शेवटी वॅक्स.

कडांवर आणि पत्र्याच्या उठलेल्या रेघांवर थर आधीच पातळ असतो, तिथे हात हलका. आमच्या गटातल्या एका ताईने दरवाजाच्या कडेचा चरा घालवायचाच म्हणून जोर लावला. फडक्यावर निळा रंग आला तरी थांबली नाही, तिला वाटलं मळच निघतोय. क्लिअर कोट असलेल्या गाडीवर फडक्याला रंग आला म्हणजे वरचा थर संपला. तो दरवाजा आम्हाला रंगवून द्यावा लागला. त्या सीझनची आमची अर्धी कमाई त्यात गेली. ताई रडली, पण गट सोडून गेली नाही, हे मला फार बरं वाटलं.

तेव्हापासून गाडीला हात लावण्याआधी मालकाला सोबत घेऊन आम्ही गाडीभोवती फिरतो, असलेल्या चऱ्यांचे मोबाईलवर फोटो काढतो आणि कुठला जाईल, कुठला जाणार नाही ते तोंडावर सांगतो. "सगळं नव्यासारखं करून देऊ" असं म्हणायचं नाही. त्यामुळे एखादा गिऱ्हाईक परत जातो, जाऊ दे. अख्खी गाडी हाताने करायला दोघींचा पूर्ण दिवस लागतो, तेव्हा नुसतं बॉनेट आणि दरवाजे घेतलेले परवडतात. दर ठरवताना आपल्या दिवसाची मजुरी धरा, पॉलिशच्या डबीची किंमत तेवढी धरू नका.

आणि फडक्यांबद्दल, कारण आपल्याकडे हेच चुकतं. मायक्रोफायबर वेगळं धुवायचं, सुती कपड्यांबरोबर नाही, नाहीतर त्यात धागे अडकतात. कपडे मऊ करायचं लिक्विड घालायचं नाही. आणि फडकं एकदा जमिनीवर पडलं की झटकून परत वापरायचं नाही. जांभ्याच्या अंगणात तर मुळीच नाही. धुवायला टाकायचं आणि दुसरं घ्यायचं.

भाऊजींच्या बॉनेटवरची जाळी गेली. डाव्या दरवाजावर एक चरा राहिलाय, नखाला लागतो. तो मी तसाच ठेवला.