घरास साजेसा कुत्रा

कुत्रा पाळावा कीं नाहीं, याची चर्चा घरोघरीं होते. परंतु कोणता पाळावा, याचा विचार बहुधा तो दारीं आल्यानंतरच सुरू होतो. दुकानांत एखादें केसाळ, गोजिरवाणें पिल्लू दिसतें, मुलें हट्ट धरतात आणि वडील माणसें किंमत विचारतात. तें वाढल्यावर केवढें होईल, त्यास रोज किती धावावें लागेल आणि दुपारीं त्याच्याजवळ कोण असेल, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. कुत्र्याचें आयुष्य सामान्यतः 10 ते 15 वर्षांचें असतें. पहिलींतला मुलगा महाविद्यालयांत जाईपर्यंत हा आश्रित घरांत राहावयाचा आहे.

पहिला विचार हवेचा. परभणी जिल्ह्यांतील जिंतूर घ्या. तेथें उन्हाळ्यांत पारा 40 अंशांच्या वर चढतो. माणसास अंगभर घाम येतो. कुत्रा मात्र मुख्यतः धापा टाकूनच अंगांतील उष्णता बाहेर काढतो. चपट्या नाकाच्या पग जातीस हेंच अवघड जातें, आणि सायबेरियाच्या थंडींतल्या हस्कीच्या अंगावर केसांचा दुहेरी थर असतो. अशा कुत्र्यास पत्र्याच्या घरांत वैशाख काढावयास लावणें म्हणजे त्याच्या जिवाशीं खेळणें होय.

दुसरा विचार जागेचा व वेळेचा. मराठवाड्यांत कारवानी हा शिकारी कुत्रा प्रसिद्ध आहे. कर्नाटकांत तोच मुधोळ या नांवानें ओळखला जातो; 2005 सालीं टपाल खात्यानें त्याचें तिकीटहि काढलें. लांब पाय, आंत ओढलेलें पोट, निमुळतें तोंड, आणि ससा दिसतांच बाणासारखी झेप! शेतावर राहणाऱ्या कुटुंबास तो शोभतो. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत दिवसभर साखळीला जखडल्यास तोच चिडखोर होऊं शकतो, आणि दोष मात्र त्याच्या जातीस दिला जातो.

मग जिंतूरच्या एखाद्या शिक्षकाच्या अथवा दुकानदाराच्या घरीं काय शोभेल? पुष्कळदां उत्तर गल्लींतच असतें. गांवठी कुत्र्याची कातडी आखूड केसांची, बांधा मध्यम, आणि पिढ्यान्‌पिढ्या याच उन्हांत वाढलेला. त्यास किंमत पडत नाहीं, म्हणून त्याची किंमत कोणी करीत नाहीं, एवढेंच. मात्र पिल्लू निदान आठ आठवडे आईपाशीं राहूं द्यावें.

जात कोणतीहि असो, लस चुकवूं नये. पाश्चरनें 1885 सालीं माणसावर प्रथम वापरलेल्या लशीमुळें पिसाळ रोग टाळतां येऊं लागला. पण लक्षणें दिसूं लागल्यावर तो बहुतेक प्राणघातकच ठरतो. पिल्लास तिसऱ्या महिन्याच्या सुमारास लस टोंचावी व पुढें पशुवैद्याच्या सल्ल्यानें ती चालू ठेवावी. कुत्रा चावल्यास जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून ताबडतोब दवाखाना गांठावा. हळद-चुना लावीत बसूं नये.

स्वर्गाच्या दारींहि युधिष्ठिरानें सोबत आलेल्या कुत्र्यास टाकलें नाहीं. आज कंटाळलेलीं घरें त्यास गांवाबाहेर सोडून येतात. म्हणून पिल्लू आणण्यापूर्वीं सर्वांनीं एकत्र बसावें आणि पहांटे त्यास फिरवून आणणार कोण, सुटींत परगांवीं गेल्यास सांभाळणार कोण, हें नांवानिशीं ठरवावें. नांव निघालें नाहीं, तर त्या वर्षीं कुत्रा आणूं नये.