भाडेसाहाय्य : मंजुरी आणि पोच



महामारीत कामगाराची मजुरी एका दिवसात बंद पडली. घरभाडे मात्र चालूच राहिले. ‘घरी थांबा’ हा आरोग्याचा आदेश पाळावयाचा तर आधी घर टिकावयास हवे. म्हणून भाडेकरूचे संरक्षण हा त्या काळात केवळ दयेचा विषय उरला नाही. तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न झाला. या बाबतीत अमेरिकेत जो प्रयोग झाला तो अभ्यासण्याजोगा आहे. तेथे पैसा मंजूर झाला होता, तरीही कित्येक महिने तो गरजूंच्या हाती पडला नाही.

डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकी संसदेने तातडीच्या भाडेसाहाय्यासाठी २५ अब्ज डॉलर मंजूर केले. मार्च २०२१ मध्ये त्यांत सुमारे २१.५ अब्जांची भर घातली. केंद्रीय अर्थखात्याने ही रक्कम राज्यांकडे आणि दोन लक्षांहून अधिक वस्तीच्या शहरांकडे व कौंट्यांकडे सोपविली. त्या त्या भागातील मध्यक उत्पन्नाच्या ८० टक्क्यांपर्यंत मिळकत असलेली कुटुंबे पात्र ठरली. त्यांतही ५० टक्क्यांखालच्यांना आणि तीन महिने बेकार असलेल्यांना अग्रक्रम होता. थकलेले भाडे, पुढचे भाडे, विजेची बिले, सर्वांची तरतूद होती. कागदावर योजना चोख होती.

प्रत्यक्षात ३१ जुलै २०२१ पर्यंत पहिल्या २५ अब्जांपैकी जेमतेम ५ अब्ज डॉलर वाटले गेले. २६ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने भाडेकरूंना घराबाहेर काढण्यावरील केंद्रीय बंदी उठविली. ढाल गेली, आणि मदत अजून कचेरीतच होती.

असे का व्हावे? एक तर, अनेक नगरशासनांकडे भाड्याची मदत वाटण्याची यंत्रणाच नव्हती. अर्ज, नोकरवर्ग, सेवाभावी संस्थांशी करार, यांत महिने गेले. दुसरे कारण अधिक मूलगामी आहे. अनेक ठिकाणी योजनेचा आरंभच अविश्वासातून झाला. भाडेकरार दाखवा, मिळकतीचा दाखला आणा, महामारीमुळेच हलाखी ओढवली हे सिद्ध करा! ज्याचा करार तोंडी, ज्याची मजुरी रोखीची, जो दुसऱ्याच्या खोलीत पोटभाडेकरू, त्याने हे कागद आणावेत कोठून? ज्याची निकड अधिक, त्याच्याजवळचा पुरावा कमी. तिसरे असे की, पहिल्या निधीतून आधी घरमालकाचे सहकार्य मागावे लागे. मालक गप्प बसला की प्रकरण रखडे.

लबाडी होईल ही भीती निराधार नव्हती. परंतु अपात्रास पैसा गेला तर तो लेखापरीक्षणात सापडू शकतो. पात्र कुटुंब रस्त्यावर आले तर ते कोणत्याच हिशेबवहीत नोंदले जात नाही. कचेरीला पहिल्या चुकीचा जाब द्यावा लागतो, दुसरीचा नाही. विलंबाचे मूळ येथे आहे.

२०२१ मध्ये अर्थखात्याने टप्प्याटप्प्याने नियम सैल केले. अर्जदाराची सहीनिशी स्वयंघोषणा ग्राह्य धरण्यास, तसेच वस्तीच्या सरासरी मिळकतीवरून अनुमान करण्यास मुभा दिली. दुसऱ्या निधीतून थेट भाडेकरूस रक्कम देता येऊ लागली. फिलाडेल्फियात तर एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयानेच आदेश दिला की, थकबाकीसाठी दावा लावण्यापूर्वी मालकाने भाडेसाहाय्यासाठी अर्ज करून ४५ दिवस थांबावे. न्यायालय आणि मदतकेंद्र एकमेकांस जोडले गेले. पुढे देशभरात साहाय्याच्या वाटपांची संख्या एक कोटीच्या वर गेली. यंत्रणा रुळली हे याचे एक कारण. पुराव्याचे ओझे हलके झाले हे दुसरे.

महाराष्ट्रात १७ एप्रिल २०२० रोजी गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सूचना केली की, भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी आणि थकबाकीपायी कोणास बाहेर काढू नये. सूचना योग्यच होती. परंतु तिच्यामागे भाडे भरून देणारा निधी नव्हता. पुढे ढकललेले भाडे म्हणजे माफ झालेले भाडे नव्हे. भिवंडीत एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या यंत्रमाग कामगारापाशी करारही नसतो आणि न्यायालयात जाण्याचे बळही नसते.

म्हणून केवळ निधीची मागणी अपुरी आहे. संकट येण्यापूर्वीच प्रभाग कचेरीत भाडेकरूंची नोंद हवी, तोंडी कराराला मान्यता हवी, स्वयंघोषणेवर आधी मदत व मागाहून तपासणी हवी. आणि नाकारलेल्या प्रत्येक अर्जाचे कारण लेखी मिळावे, हा भाडेकरूचा हक्क ठरला पाहिजे. अर्थसंकल्पातील आकड्यावर समाधान मानण्याची सवय कार्यकर्त्यांनी सोडावी आणि कचेरीच्या खिडकीपाशी उभे राहून पोच मोजावी.