विमानाचा खरा रंग कोणता?



आमच्या शेलूबाजारच्या चौकात दिवसभर एस.टी. बसेस येतात. अकोल्याची येते, कारंज्याची येते, मंगरूळपीरची येते. लाल बसेसचा लाल महामंडळाने एकदाच ठरवून दिलेला. पण चहाच्या टपरीवर तासभर बसून नीट पाहा, दोन बसेसचा लाल सारखा सापडायचा नाही. एक नुकतीच रंगून आलेली, कुंकवासारखी. दुसरीने वऱ्हाडातले चार उन्हाळे काढलेले, तिचा रंग विटकरीवर गेलेला. तिसरीच्या दारापाशी नवा पत्रा ठोकलेला, तेवढाच तुकडा चकचकीत. आता यातला एस.टी.चा खरा लाल कोणता?

हाच प्रश्न मला एका वेगळ्या वस्तूने घातला. मी चित्रकलेचा निवृत्त शिक्षक. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून विमानांच्या लहान प्रतिकृती करण्याचा मला नाद आहे. गेल्या वर्षी हातात घेतले ते दुसऱ्या महायुद्धातले जर्मन लढाऊ विमान, मेसरश्मिट १०९. खरे विमान सुमारे नऊ मीटर लांब. माझे त्याच्या बहात्तराव्या हिश्श्याचे, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर. तळहातावर मावते. जोडायला दोन रविवार पुरले. रंगाला चार महिने लागले. ‘एवढ्याशा खेळण्याला?’ असे घरात विचारले गेलेच.

वरवर पाहता हे काम सोपे असायला हवे. जर्मन माणूस शिस्तीचा. त्यांच्या हवाई मंत्रालयाने प्रत्येक रंगाला नंबर दिला होता आणि १९४१ च्या नियमपुस्तिकेत रंगीत नमुन्यांचा तक्ताच जोडला होता. आपल्या हार्डवेअरच्या दुकानातले शेड कार्ड असते ना, तसेच. लढाऊ विमानाच्या पाठीवर ७४ आणि ७५, पोटाला ७६, पुढच्या नाकाडाला ओळखीसाठी ०४ नंबरचा पिवळा. ७४ म्हणजे हिरवट झाक असलेला गडद करडा. ७५ म्हणजे किंचित जांभळट करडा, पावसाळी ढगाच्या पोटासारखा. आणि ७६? आपले आजोबा निळीच्या पाण्यातून काढलेले धोतर दोरीवर वाळत घालत, त्या धोतराचा रंग. तक्त्यात त्याचे नाव फिकट निळा असे आहे, पण धोतर म्हटले की मला जास्त नेमके कळते.

मग चार महिने कुठे गेले? तक्त्यावरचा रंग आणि विमानावरचा रंग यांच्यामध्ये बरेच काही घडते, तिथे गेले.

पहिली अडचण फोटोंची. त्या काळातले बहुतेक फोटो कृष्णधवल. करड्या छटेवरून रंग ओळखायचा. त्यात फिल्मचे प्रकार दोन. एका जुन्या प्रकारच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. लाल आकडा तिच्यावर काळा उमटतो आणि पिवळे नाकाड काळवंडलेले दिसते. दुसऱ्या प्रकारच्या फिल्मवर तेच नाकाड जवळजवळ पांढरे. एकच विमान, दोन फोटो, आणि पाहणारे दोघे छातीठोकपणे भांडतात! रंगीत फोटो थोडे आहेत, पण त्यांचेही रंग वयानुसार उतरले आहेत. आपल्या लग्नाच्या अल्बममधला शालू आज कोणत्या रंगाचा दिसतो ते आठवून पाहा.

दुसरी गोष्ट उजेडाची. मॅचिंग सेंटरमध्ये बायका अस्तराचे कापड घेऊन दुकानाबाहेर उन्हात का येतात? ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग बाहेर आला की फटकून वागतो. रंगद्रव्ये वेगळी असली की असे होते. म्हणून मी सगळे मिश्रण सकाळी नऊ ते अकरा या वेळात, ओसरीवरच्या सावलीत केले. आणि ओल्या रंगावर कधीच निकाल दिला नाही. आपली काळी माती ओली असते तेव्हा काळीभोर आणि वाळली की राखट. रंगही वाळताना आपला सूर बदलतो. प्लॅस्टिकच्या जुन्या डब्याच्या झाकणावर पट्टा ओढायचा, रात्रभर ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचा.

तिसरी गोष्ट सर्वांत मजेची. समजा, खऱ्या विमानावरचा अस्सल रंग मला डबाभर मिळाला आणि तो मी प्रतिकृतीला दिला, तरी ती चुकीची दिसेल. फार गडद वाटेल. कारण हातभर अंतरावरून मी हे चिमुकले विमान पाहतो, तेव्हा हिशेबाने खऱ्या विमानापासून शंभर फुटांवर उभा असतो. शंभर फुटांवरची वस्तू मधल्या हवेमुळे थोडी फिकी दिसते. दूरचे डोंगर निळसर दिसतात, त्यातलाच हा लहान प्रकार. काही जण सरळ पांढरा मिसळतात. मला ते पसंत नाही, रंग खडूसारखा निर्जीव होतो. मी फिकट करडा घालतो, थेंबाथेंबाने.

परदेशी कंपन्या या नंबरांच्या तयार बाटल्या विकतात. पण दोन कंपन्यांच्या ७६ नंबरच्या बाटल्या शेजारी ठेवल्या तर त्या चुलतबहिणी वाटतात, जुळ्या नव्हेत. शिवाय शेलूबाजारला त्या मागवायच्या म्हणजे ज्वालाग्राही मालाचे नियम आडवे येतात. मी आपले साधे ॲक्रिलिक रंग वापरले. ७६ साठी भरपूर पांढरा, सुईच्या टोकाएवढा निळा आणि काळ्याचा एक थेंब. ७४ साठी हिरवी बाटली उघडावीच लागत नाही. काळ्यात पिवळा मिसळला की हिरवट छटा येते, हे आठवीच्या मुलालाही ठाऊक असते.

इथवर सगळे कसबाचे झाले. पण मी निवडलेले विमान १९४४ च्या अखेरचे होते आणि तिथे तक्ताच संपतो. त्या वर्षी मंत्रालयाने ८१ आणि ८२ हे नवे रंग वापरायला सांगितले, पण त्यांचे नमुने मात्र पाठवले नाहीत. मग एका कारखान्याचा ८१ तपकिरी, दुसऱ्याचा शेवाळी. काही विमानांचे निळसर पोट हिरवट-पिवळट आढळते. काहींच्या पंखांखाली रंगच नाही, उघडा पत्रा. का, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. पण त्या काळातली परिस्थिती उघड आहे. बॉम्बहल्ल्यांमुळे मोठे कारखाने फोडून गावोगावी, जंगलात, बोगद्यांत विखुरले गेले होते. एक पंख इकडे, शेपटी तिकडे, जोडणी तिसरीकडे.

आणि हे सुटे भाग करत कोण होते? मेसरश्मिट १०९ चे भाग फ्लोसेनब्युर्ग आणि गुसेन इथल्या छळछावण्यांतले कैदी करत होते. उपाशी, मारहाणीत, मरेपर्यंत. मी पंखाच्या सांध्यावर दोन वेगवेगळ्या छटा रंगवत होतो, एक मूळ पंखाची आणि एक बदललेल्या पत्र्याची. हे वाचल्यानंतर तो सांधा रंगवायला मला आठवडा लागला. रंग अचूक हवा असा हट्ट धरला की माणूस असा कुठल्या कुठे जाऊन पोचतो.

मग शेपटी आली. तिच्यावर स्वस्तिक. म्हणजे आपले नव्हे. आपले सरळ बसलेले, चार टिंबांचे, लक्ष्मीपूजनाला उंबऱ्यावर काढायचे. हे कोनावर उभे केलेले, काळे, नाझी राजवटीचे चिन्ह. जर्मनीत आज ते जाहीरपणे मिरवणे गुन्हा आहे. तिथे विकल्या जाणाऱ्या खेळण्यांच्या खोक्यांत ते गाळतात किंवा दोन तुकड्यांत छापतात. शेजारच्या एका मुलाने मला विचारले, ‘सर, त्यांच्याकडेही गणपती असतो का?’ हसण्यासारखा प्रश्न नाही. त्याला बसवून सगळे सांगितले, छावण्यांसकट. महिंदरसिंग पुजी या शीख वैमानिकाचेही सांगितले. ते ब्रिटनच्या आकाशात, डोक्याला पगडी बांधून, याच विमानांशी लढले होते.

चिन्ह मी लावले. रंग खरा हवा म्हणून चार महिने घालवायचे आणि शेपटी मात्र कोरी ठेवायची, हे मला पटत नाही. ज्यांना ते घरात नको वाटते त्यांच्याशी माझे भांडण नाही. आमच्या घरातही ते विमान देवघराच्या खोलीत ठेवलेले नाही.

आता जाता जाता एक विनंती. फॉके-वुल्फ १९० हे दुसरे प्रसिद्ध जर्मन लढाऊ विमान रचणारे कुर्ट टँक १९५६ साली भारतात आले आणि बंगलोरला त्यांनी आपले मारुत विमान घडवले. ते जून १९६१ मध्ये प्रथम उडाले. १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या सीमेवर लढले. एकूण १४७ विमाने बनली आणि १९९० पर्यंत ती सेवेतून गेली. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मी एक मारुत पाहिले आहे. पण उघड्यावर उभ्या विमानांना ऊनपावसामुळे पुन्हापुन्हा रंग द्यावाच लागतो. त्यावरून मूळ छटा ठरवता येत नाही.

माझे पुढचे विमान मारुत आहे. या विमानांवर हात फिरवलेली, त्यांना रंग दिलेली माणसे अजून आपल्यात आहेत. अकोला-वाशीमकडच्या एखाद्या निवृत्त वायुसैनिकाच्या ट्रंकेत त्या काळचा रंगीत फोटो असेल, आठवण म्हणून जपलेला पत्र्याचा तुकडा असेल. तो उन्हात ठेवू नका. पॉलिश पेपरने घासू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचे, दिवाळीला घर रंगवाल तेव्हा उरलेल्या डब्यातला हात त्याच्यावर मारू नका.