प्रशिक्षण देणाऱ्या एजन्सीला काय विचारायचं?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

शेतातून आत्ताच आलेल्या, चूल पेटवता पेटवता ऐकणाऱ्या, गटाच्या बैठकीत मोबाइल मधे ठेवून बसलेल्या सगळ्या मायबहिणींना नमस्कार.

आजचा विषय नावाने रुक्ष वाटेल. ग्रामपंचायतीला ऑनलाइन हिशेब शिकवायला बाहेरची एजन्सी येते. तिच्याकडून काय काय घ्यायचं, अन् कामाचे पैसे देण्याआधी काय तपासायचं, हा तो विषय. तुम्ही म्हणाल, हे तर बीडीओ साहेबांचं काम, आपला काय संबंध? संबंध असा, की महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. आपल्या गटातलीच कोणी सदस्य आहे, कोणी सरपंच आहे. शिकवणं कच्चं राहिलं तर सही तिची असते अन् चौकशीला उत्तर तिलाच द्यावं लागतं.

आधी पैसा कसा फिरतो ते पाहू. 24 एप्रिल 2020 ला केंद्र सरकारने ई-ग्रामस्वराज हे पोर्टल सुरू केलं. गावाचा विकास आराखडा, जमा, खर्च, सगळं त्यावर चढवायचं. वित्त आयोगाच्या निधीतून कोणाला पैसे द्यायचे, तेही तिथूनच, पीएफएमएस या सरकारी यंत्रणेमार्फत थेट खात्यात जातात. त्यासाठी दोन डिजिटल सह्या लागतात. एकाने बिल तयार करायचं, दुसऱ्याने तपासून मंजूर करायचं. एक सही ग्रामपंचायत अधिकाऱ्याची, म्हणजे आपण ज्यांना ग्रामसेवक म्हणत आलो त्यांची, अन् दुसरी सरपंचाची. ही सही पेनड्राइव्हसारख्या लहान डोंगलमध्ये असते. त्याला पिन नंबर असतो. डोंगल अन् पिन एकाच माणसाच्या हाती गेले, की तिजोरीच्या दोन्ही किल्ल्या एकाच्याच कमरेला लागल्या.

पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी निधीचे दोन भाग केले. 60 टक्के बंधित, म्हणजे पाणी अन् स्वच्छतेसाठीच. 40 टक्के अबंधित, गावाच्या गरजेप्रमाणे. शिवाय अट घातली, की 2023-24 पासून ज्या पंचायतीचे मागच्या वर्षाचे हिशेब अन् त्याच्या आधीच्या वर्षाचे लेखापरीक्षण झालेले हिशेब ऑनलाइन नाहीत, तिला हा निधी नाही. म्हणजे हिशेब शिकला नाही तर नळाचं पाणीसुद्धा अडतं.

म्हणून शिकवणारे लागतात. राज्यात या कामाची मुख्य संस्था पुण्याची यशदा. पण गावोगाव पोचायला एजन्सी नेमल्या जातात, निविदा निघते, करार होतो. निविदेत कागद मागतात: संस्थेची नोंदणी, पॅन, जीएसटी, लेखापरीक्षण झालेले ताळेबंद, आधीच्या कामाचे दाखले, काळ्या यादीत नसल्याचं शपथपत्र, बयाणा रक्कम. हे पाहिजेच. पण एवढ्याने शिकवणं चांगलं होईल असं नाही. नुसता कमी दर पाहिला तर एका हॉलमध्ये शंभर माणसं बसवणारा स्वस्तच पडणार. म्हणून गुणवत्तेला वेगळे गुण अन् दराला वेगळे गुण देऊन एजन्सी निवडायची पद्धत सरकारी खरेदीच्या नियमांत आहे. शिकवणं विकत घेताना तीच बरी.

आता करारात काय असावं, ते एकेक करून सांगते. वहीत लिहून घ्या.

पहिली गोष्ट, शिकवायला कोण येणार? निविदेत मोठ्या अनुभवाच्या माणसांची नावं अन् प्रत्यक्षात कालच कामाला लागलेला पोरगा, असं व्हायला नको. ज्यांची नावं दिली तेच येतील, बदल झाला तर तेवढ्याच अनुभवाचा माणूस येईल अन् आधी कळवलं जाईल, असं लिहून घ्यावं. त्या माणसाने ग्रामपंचायतीचे नमुने स्वतः हाताळलेले असावेत. आपल्या लेखासंहितेत 1 ते 33 नमुने आहेत. नमुना 5 ची रोकड वही काय, नमुना 8 ची कर आकारणी काय, हे ज्याला ठाऊक नाही तो फक्त बटणं दाखवू शकतो.

दुसरी गोष्ट, त्याचा दुसरा धंदा कोणता? जी एजन्सी महिन्याच्या महिन्याला पंचायतीच्या नोंदी करून देण्याचे पैसे घेते, तीच शिकवायला आली, तर तिचा फायदा कशात? आपण न शिकण्यात. अशा हितसंबंधांची माहिती एजन्सीने आधीच लेखी द्यावी.

तिसरी गोष्ट, भाषा अन् वेळ. अमरावतीचे 14 तालुके, अकोल्याचे 7. सगळीकडे एकच पुस्तक चालत नाही. धारणी-चिखलदऱ्यात अर्ध्या बाया कोरकू बोलणाऱ्या असल्या, तर कोरकू जाणणारा माणूस सोबत पाहिजे. तिथे पेसाच्या 5 टक्के अबंध निधीचा वेगळा हिशेब असतो, तोही शिकवायला पाहिजे. अन् वेळ? मृगाच्या पेरणीत, कपाशीच्या वेचणीत प्रशिक्षण ठेवलं तर बाई येणार कशी? मग तिचा नवरा येऊन बसतो, तिच्या नावापुढे सही करतो, अन् कागदोपत्री महिला सरपंच प्रशिक्षित होते. निवडून आलेली बाई स्वतः हजर असेल तरच ती हजेरी धरायची, हे करारात पाहिजे.

चौथी गोष्ट, कशावर शिकवणार? पडद्यावर चित्रं दाखवून हिशेब येत नाही. पोळी लाटायला शिकवताना आपण पोरीच्या हातात लाटणं देतो. दोघींमागे एक संगणक तरी असावा, अन् सराव आपल्याच गावाच्या आकड्यांवर व्हावा. एका प्रशिक्षणात मी मागे बसले होते. दिवसभर इंग्रजी पडदे सरकत होते. बाहेर पडताना एका सदस्य बाईला विचारलं, काय समजलं वो? ती म्हणाली, "सह्या घेतल्या, नाश्ता देला, अन् फोटो काढला." एजन्सीचं बिल निघायला मात्र तेवढी सही अन् तेवढा फोटो पुरतो. अडचण इथेच आहे.

म्हणून पाचवी गोष्ट सगळ्यात मोठी. हजेरीवर नाही, येण्यावर पैसे द्यायचे. शिकलेल्या बाईला पाच कामं करता आली पाहिजेत. एक, पोर्टलवर आपलं गाव उघडून शिल्लक किती ते सांगणं. दोन, बंधित किती अन् अबंधित किती ते वेगळं करणं. तीन, कोणतंही एक बिल उघडून कोणाला, कशाचे, किती पैसे गेले ते वाचणं. चार, तीच रक्कम बँकेच्या पासबुकात शोधून जुळवणं. पाच, एखादं बिल चुकीचं वाटलं तर मंजूर न करता परत पाठवणं. हे पाचवं काम कोणी शिकवतच नाही. मंजुरीचं बटण सगळे दाखवतात, परत पाठवण्याचं दाखवत नाहीत. पण दुसरी सही ठेवली ती त्यासाठीच ना? ही परीक्षा एजन्सीने स्वतः घ्यायची नाही, पंचायत समितीच्या माणसाने घ्यायची.

सहावी गोष्ट, डोंगल अन् पिन. शिकवणाऱ्याने कोणाचाही पिन मागायचा नाही, लिहून न्यायचा नाही, डोंगल सोबत न्यायची नाही. सरावासाठी मागितली तरी नाही. पिन ज्याचा त्याने स्वतः टाकायचा. प्रशिक्षण संपताना प्रत्येक सरपंच बाईने डोंगल आपल्या हातात आहे असं सांगून उठायचं.

सातवी गोष्ट, नंतरचं काय? खरी अडचण आठ दिवसांनी येते, घरी गेल्यावर. मराठीत लिहिलेली पुस्तिका हाती राहावी, फोन उचलणारा माणूस असावा, अन् दोन-तीन महिन्यांनी पुन्हा एक भेट व्हावी. त्यासाठी पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे: काही प्रशिक्षण झाल्यावर, काही परीक्षा झाल्यावर, उरलेले वर्षाचा हिशेब ऑनलाइन बंद झाल्यावर. आपण सोयाबीनचं बियाणं घेतो तेव्हा बिल, पिशवी, टॅग अन् मूठभर बियाणं पीक हाती येईपर्यंत जपून ठेवतो. उगवलं नाही तर दाखवायला. मग प्रशिक्षण उगवलं की नाही हे न पाहता सगळे पैसे काहून द्यायचे?

आता तुम्ही विचाराल, हे आम्ही सांगायचं कुठे? जागा आहेत. प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची, असा कायदा आहे. तिथे विषय मांडा, ठरावात लिहून घ्या, मग तो ग्रामसभेत न्या. प्रशिक्षणाचं बिल ग्रामपंचायतीच्या नावाने आलं, तर मासिक सभेत त्याला मंजुरी लागते. तिथे आपल्या सदस्य बायकांनी करारनामा पाहायला मागायचा. तोंडी उत्तर मिळालं, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. 10 रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही लागत नाहीत. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात तीन कागद मागा: एजन्सीचा करारनामा, हजेरीपत्रक अन् दिलेल्या पैशांचा तपशील. हजेरीपत्रकात आपल्या सहीपुढे आपलीच सही आहे ना, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं. अन् गावाचा जमाखर्च पाहायला तर अर्जही नको. ई-ग्रामस्वराज पोर्टल कोणालाही मोबाइलवर उघडता येतं.

एक गोष्ट विसरू नका. शिकवणारा बाहेरचाच पाहिजे असं कुठे आहे? उमेदच्या वर्धिनी आठवा. स्वतः गटातून वर आलेल्या बाया, दुसऱ्या गावात मुक्काम करून गट बांधायला अन् वही लिहायला शिकवत. पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र, गटाची वही अद्ययावत ठेवणं, आपल्याला त्यांच्यासारख्याच बायकांनी शिकवलं. दरमहा दोनशे रुपयांची बचत, अंतर्गत कर्ज, व्याज, बँकेचा हप्ता, हे जुळवणाऱ्या बाईला ग्रामपंचायतीची जमाखर्च वही परकी नाही. म्हणून करारात एक अट आणखी मागा, की प्रत्येक प्रभागातल्या दोन बाया अशा तयार करून द्याव्यात, ज्या एजन्सी गेल्यावर गावात शिकवू शकतील. अन् हेच सगळे नियम आपल्या ग्रामसंघाला अन् प्रभागसंघालाही लावा. तिथे कोणी अॅप शिकवायला आलं, तरी पाच कामांची परीक्षा घ्याच.

या आठवड्याच्या बैठकीत एवढं करा. गटातल्या एका मुलीच्या मोबाइलवर पोर्टल उघडा, आपलं गाव शोधा, या वर्षातला एक खर्च निवडा. तो कोणाला गेला, कशाचा, अन् ते काम गावात कुठे दिसतं, हे वहीत लिहा. जिला हे जमलं, तिने पुढच्या बैठकीत दुसऱ्या दोघींना शिकवायचं. काही अडलं तर रेडिओ केंद्रावर विचारा, पुढच्या वेळी त्यावरच बोलू.

येते. रामराम.