पिक्चर कधीचा आणि आजीचं वय किती?

आम्ही साक्री तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया बोलतोय. मागच्या महिन्यात हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली आणि घरी जायची कुणालाच घाई नव्हती. मग एकीच्या मोबाईलवर आम्ही ‘श्यामची आई’ लावला. आचार्य अत्र्यांचा, जुना, काळा-पांढरा. रडून झालं, डोळे पुसले आणि वाद सुरू झाला: हे सगळं घडलं कधी?

एक म्हणाली, पिक्चर १९५३ चा, म्हणजे गोष्टही तेव्हाचीच. दुसरी म्हणाली, काळा-पांढरा आहे, म्हणजे स्वातंत्र्याच्या आधीचा. दोघीही चुकल्या. रंगावर तर जाऊच नका. २०२३ मध्ये ‘श्यामची आई’ पुन्हा निघाला, तोही काळा-पांढराच काढला होता.

मग साने गुरुजींकडूनच मोजलं. गुरुजी आपल्या खानदेशाला परके नाहीत. अमळनेरला ते शिक्षक होते, धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनीच उतरवून घेतली. त्यांचा जन्म १८९९ चा, कोकणातल्या पालगडचा. पुस्तक लिहिलं १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात. आई गेली १९१७ मध्ये. म्हणजे पोरगा श्याम आईच्या मागे मागे फिरतो तो काळ साधारण १९०५ ते १९१० चा. घडलं तेव्हा, लिहिलं १९३३ ला, पडद्यावर आलं १९५३ ला. एका गोष्टीला तीन सालं, आणि आम्ही भांडत होतो एकाच सालासाठी!

तेव्हापासून आम्हाला नादच लागला. पिक्चर बघताना गोष्टीपेक्षा आमचं लक्ष भांड्याकुंड्यांवर. घरची माणसं वैतागली, पण मजा येते. काही खुणा सांगतो.

पैसा बघा. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर पैसे झाले. त्याआधी सोळा आणे, चौसष्ट पैसे. मधल्या भोकाचा तांब्याचा पैसा हातात दिसला, तर तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला, १९४३ च्या आधी तो नव्हताच. नाण्यावर राजाचं तोंड असेल तर राजा कोणता ते बघायचं. पण नुसत्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका. आमच्या सासवा नवे पैसे आल्यावरही कितीतरी वर्षं चार आणे, आठ आणेच म्हणत होत्या.

लाल एस.टी. आली की समजा १९४८ नंतरचं. १ जून १९४८ ला पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली. बेचाळीसच्या चळवळीचा पिक्चर आणि मागून एस.टी. गेली, तर चूक पिक्चरवाल्याची. मुंबई दाखवली असेल तर ट्राम बघा. घोड्यांची असेल तर १९०५ किंवा त्याआधीची, विजेची असेल तर १९०७ ते १९६४ मधली. तिरंग्यावर चरखा असेल तर स्वातंत्र्याच्या आधीचा, अशोकचक्र असेल तर नंतरचा. आणि कचेरीच्या पाटीवर ‘पश्चिम खानदेश’ लिहिलेलं दिसलं, तर ते आपलंच! १९०६ ला खानदेशाचे दोन भाग झाले, आणि महाराष्ट्र झाला तोपर्यंत आपण पश्चिम खानदेशातच होतो.

यात एक गोम आहे, ती आम्हाला उशिरा कळली. जुनी वस्तू काहीच सिद्ध करत नाही. जातं दिसलं म्हणून काळ जुना होत नाही, आमच्या दोघींच्या घरी जातं आजही आहे. काळ सांगते ती नवी वस्तू. त्या घरातली सगळ्यात नवी वस्तू कोणती ते शोधा, गोष्ट तिच्या आधीची असूच शकत नाही. ‘नटरंग’मध्ये विहिरीवर पंप बसतो आणि मजुरांचं काम जातं. तिथे शंभर वर्षांचा जुना वाडा दाखवला तरी उपयोग नाही, काळ सांगणार तो पंपच.

हे सगळं ऐकत आमच्यातली एक आजी कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, “पिक्चरनं वय काढतस, मन्हं काढा ना!”

आम्ही हसलो. पण ती हसली नाही. तिला श्रावणबाळ योजनेचे पैसे मिळत नाहीत, कारण त्याला ६५ वर्षं पूर्ण लागतात. तिच्या कार्डावर जन्मसाल १९६६ आहे, तारीख १ जानेवारी. कार्ड काढताना विचारलं, ही म्हणाली माहीत नाही, आणि लिहिणाऱ्याने तोंडाकडे बघून साल टाकून दिलं. दाखला कुठलाच नाही. ती शाळेत गेलीच नाही.

मग आम्ही वही काढली. बहात्तरच्या दुष्काळात तू काय करायचीस? म्हणाली, खडी फोडायचे, बापाबरोबर मस्टरवर नाव होतं, सुकडी मिळायची, रेशनला लाल मिलो. लुगडं नेसत नव्हते, परकर होता. कार्ड खरं मानलं तर ती तेव्हा सहा वर्षांची. सहा वर्षांच्या पोरीचं नाव मस्टरवर कोण लावील?

पण ही झाली आठवण, आणि आठवणीला शिक्का नसतो. म्हणून कागद शोधले. तिच्या मोठ्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर जन्म १९७६ चा. कार्डाप्रमाणे आई दहा वर्षांची! पाठच्या भावाच्या दाखल्यावर १९६०, आणि ती त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. भावाच्या दाखल्यावर आम्ही पूर्ण विसंबलो नाही, कारण त्या काळात कितीतरी पोरांचा जन्म गुरुजींनी १ जूनच लिहिलाय. पण दोन्ही कागद आणि दुष्काळाचं काम एकत्र मांडलं की उत्तर १९५८ च्या आसपासच येतं. म्हणजे ६५ कधीच पूर्ण झाली. कार्डाप्रमाणे थांबली तर २०३१ उजाडेल.

ग्रामीण रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून वयाचा दाखला घेता येतो. त्यांच्याकडे जाताना आम्ही मुलाचा आणि भावाचा दाखला सोबत नेला, आणि दुष्काळ, लग्न, पहिलं बाळंतपण असं सगळं सालवार एका कागदावर लिहून नेलं. आजीला सांगितलं, डॉक्टरांनी विचारलं तर घाबरू नको, मिलोपासून सुरुवात कर. तिने खरंच मिलोपासून सुरुवात केली, आणि डॉक्टर म्हणाले, माझी आईही हेच सांगते.

अर्ज तहसीलला दिला आहे. पोच घेतली आहे, ती गटाच्या पेटीत ठेवली आहे. येत्या बैठकीत आणखी दोघी आपापल्या पोरांचे दाखले घेऊन येणार आहेत, आणि वेळ उरला तर ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ लावायचा ठरलाय.