ज्वारीचे गिऱ्हाईक शाळेत घडते

(माझगाव येथे शिक्षक, पालक आणि गावाकडून आलेल्या कार्यकर्त्यांसमोर झालेले भाषण)



माझगाव एकेकाळी आंब्यासाठी प्रसिद्ध होते. आज इथे गोदी आहे, चाळी आहेत, टॉवर आहेत. इथल्या पोराला धान्य भेटते ते शिजून ताटात आल्यावर, नाहीतर पाकिटात. आणि घरात भाकरी थापणारे हातच उरले नाहीत, तर ज्वारी विकत घेणार कोण? म्हणून शेतकऱ्यांची चळवळ आज शाळेत स्वयंपाकाचे मंडळ मागायला आली आहे.

आधी आमची चूक कबूल करतो. आम्ही कृषी पदवीधर. शेतकऱ्याला हेक्टरी उत्पादन शिकवत गावोगाव फिरलो. पिकलेले शिजवणार कोण, हे कधी विचारले नाही. तो बायकांचा विषय म्हणून सोडून दिला. आज गावातलाही पोरगा बापाबरोबर ज्वारी बाजारात नेतो आणि येताना पाच रुपयांचे पाकीट फोडतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींत रक्तक्षय आढळला. ह्या आपल्याच लेकी आहेत.

१९९५ साली शालेय पोषण आहार सुरू झाला. आधी घरी न्यायला तांदूळ मिळे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न आले. हे मोठे काम झाले. पण शिजलेले ताटात आले, शिजवणे मात्र अभ्यासाबाहेरच राहिले.

ते अभ्यासात आणता येते. डॉ. श्रीनाथ कलबाग अन्नतंत्रज्ञानाचे शास्त्रज्ञ. मोठ्या कंपनीतले संशोधन सोडून त्यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम काढला. तिथून निघालेल्या शालेय अभ्यासक्रमात सुतारकाम, वीज, शेती यांच्या जोडीने गृह आणि आरोग्य हा विभाग आहे. मुलगे आणि मुली दोघेही शिकतात. हिमोग्लोबिन तपासतात, लोह कशात आहे ते समजून घेतात, चिक्की करतात. शेजारच्या गिरणगावातही उदाहरण आहे. खाणावळवाल्या बायकांनी गिरणी कामगार जगवला. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले. ज्या हातांनी एवढे पोसले, त्यांची विद्या शाळेत शिरली नाही.

आमची मागणी साधी आहे. आठवड्यातून दोन तास, वीस-पंचवीस मुले, एक शेगडी, आणि शिकवायला वस्तीतलीच एखादी मावशी. तिला मानधन द्या, फुकट राबवू नका. मुलगे हवेतच, भाकरी थापल्याने कोणाची मर्दानगी कमी होत नाही.

पहिल्या दिवशी भाकरी. जुन्या पिठाची विरी जाते, भाकरी फाटते. तेव्हा उकळत्या पाण्याची उकड काढून मळायचे. हेच विज्ञान आहे. मग मटकीला मोड, पालेभाजीवर लिंबू, कारण लिंबाने भाजीतले लोह अंगी लागते आणि जेवणावरच्या चहाने ते अडते. नाचणीत शंभर ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, पांढऱ्या तांदळात जेमतेम दहा. पाकिटावरची यादीही वाचायला शिकवा. जो जिन्नस सर्वांत जास्त, तो आधी लिहिलेला असतो.

आणि शेवटी ताटाचा हिशेब. फळ्यावर मांडा: ह्या ताटाला किती रुपये लागले, त्यातले शेतकऱ्याच्या हाती किती गेले. हा एक हिशेब ज्या पोराने केला, तो मोठेपणी "कांदा महागला" म्हणून ओरडण्याआधी एकदा थांबेल.

गावाकडच्या भावांनो, तुमचेही काम आहे. पुढच्या जिल्हा बैठकीपर्यंत प्रत्येक तालुक्याने एका शाळेत असे मंडळ उभे करावे. माझगावच्या शाळांनी ज्वारी, नाचणी आपल्याकडून घ्यावी, योग्य दाम देऊन. आम्ही दान मागत नाही आणि देतही नाही.